घरचा हिशेब आणि त्याची दुसरी प्रत

(मंडळाच्या वर्धापनदिनी दुपारच्या बैठकीत केलेले भाषण)



मंगळागौरीचे खेळ आणि पाककृतींची स्पर्धा ह्यांच्या मधोमध हिशेबासारखा रुक्ष विषय कोणी घातला, असे आपल्यापैकी काहीजणींच्या मनात आले असेल. परंतु चिटणीसताईंचा आग्रह पडला, आणि मंडळाच्या जमाखर्चाचे काम माझ्याकडे असल्यामुळे मला तो मोडवेना. मी संगणकशास्त्र शिकलेली नाही. घरचा आणि मंडळाचा हिशेब संगणकावर ठेवता ठेवता जे कळत गेले तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहे. हिशेब लिहावा कसा, हे मी सांगावयास नको. दूधवाल्याचा खाडा आणि किराण्याची उधारी आपण तोंडपाठ ठेवतो. लिहिलेला हिशेब टिकवावा कसा, एवढाच आजचा विषय आहे.

जालन्यातील जुन्या घरांत माळा झाडावयास काढला म्हणजे अजून कोठे कोठे लाल कापडाच्या बांधणीच्या लांबट वह्या सापडतात. १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या वेळच्या वह्यांत रुपये हाली शिक्क्याचे. शंभर कलदार रुपयांना सुमारे एकशे सोळा हाली पडत. रोजकीर्द, खतावणी, सारे व्यवस्थित. कागद शाबूत, शाई शाबूत. परंतु पुष्कळ वह्या मोडीत लिहिलेल्या, आणि घरात मोडी वाचणारे आता कोणी उरलेले नाही. म्हणजे वही आहे आणि हिशेब नाही. ही गोष्ट मनात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, म्हणजे समर्थ आपल्या जिल्ह्याचे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास त्यांनी लेखनक्रियेसाठीच दिला आहे. एवढा मोठा विरक्त पुरुष, परंतु अक्षर, शाई, कागद ह्यांचा विचार त्यांनी अगदी कारकुनाच्या बारकाव्याने केला आहे. त्यात एक सूचना अशी, की पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी आणि मजकूर मधोमध लिहावा. म्हणजे कडा झिजून गेल्या तरी लिहिलेल्याला बाधा येत नाही. मला ह्या सूचनेचे फार कौतुक वाटते. कागद झिजणार हे समर्थांनी गृहीतच धरले. कागद झिजू नये म्हणून नवस न करता, झिजल्यावरही मजकूर कसा वाचेल ह्याची तजवीज त्यांनी आधीच करून ठेवली. संगणकाच्या बाबतीत ह्याच तजविजीला आपली मुले 'बॅकअप' म्हणतात.

आता आपल्या घरचा हिशेब आज असतो कोठे ते पाहू. कोणाचा मोबाईलमधल्या एखाद्या अॅपमध्ये, कोणाचा एक्सेलच्या तक्त्यात. ज्यांच्या घरी मोंढ्यातली आडत किंवा दुकान आहे त्यांच्याकडे टॅली असते. मी स्वतः ग्नूकॅश नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरते. प्रकार कोणताही असो, आपण लिहिलेले सारे शेवटी एका फाईलमध्ये किंवा एका फोल्डरमध्ये जाऊन बसते. ती फाईल कोठे बसली आहे, हे पुष्कळजणींना ठाऊक नसते. पडद्यावर चित्रावर बोट ठेवले की हिशेब उघडतो, म्हणून हिशेब त्या चित्रातच आहे असे वाटते. दागिने कपाटात आहेत एवढे माहीत, पण कोणत्या खणात ते माहीत नाही, असे आपण कधी चालू देतो का? म्हणून पहिले काम हेच. प्रोग्राम उघडावा, फाईल ज्या जागी साठवली जाते त्या जागेचा पत्ता पाहावा आणि तो वहीत लिहून ठेवावा.

मोबाईल वापरणाऱ्या भगिनींनी येथे विशेष लक्ष द्यावे. हिशेबाची पुष्कळशी अॅपे आपली माहिती फोनच्या पोटातच ठेवतात. फोन हरवला की ती गेलीच; पण फोन शाबूत असताना, जागा कमी पडते म्हणून घरातल्या पोराने ते अॅप काढून टाकले, तरीही ती गेली. अॅपच्या रचनेच्या पानावर 'बॅकअप' किंवा 'एक्सपोर्ट' असा शब्द बहुधा असतो. तेथून निघणारी फाईल फोनच्या बाहेर पाठवावयाची असते. ती फोनमध्येच ठेवली तर किल्ली कुलपाच्या आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखे होते.

माझ्या ग्नूकॅशची एक रीत मात्र मला आवडते. आपण हिशेब साठवला की तो आधीच्या फाईलची एक प्रत आपण होऊन बाजूला काढतो आणि तिच्या नावापुढे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असे चौदा आकडे लावतो. शिवाय त्या बैठकीत काय काय बदलले ह्याची एक टिपणवजा फाईलही ठेवतो. ह्या प्रती तीस दिवस राहतात. कायम ठेवा म्हणून सांगितले तर कायम राहतात. काल चुकून काही पुसले गेले तर परवाची प्रत उघडून ते परत मिळविता येते. परंतु ह्या साऱ्या प्रती मूळ फाईलच्याच शेजारी, त्याच फोल्डरमध्ये असतात. संगणक बंद पडला की मूळही गेले आणि प्रतीही गेल्या. अनेकांची येथेच फसगत होते. यादीत वीस प्रती दिसतात, आणि खरे पाहता एकही नसते.

आमच्या परिचयातील एका घरची हकीकत सांगते. नावगाव सांगत नाही. अंबडकडची मंडळी आहेत, एवढे पुरे. मोसंबीच्या बागेसाठी विहीर खोदावयाची म्हणून गृहस्थांनी मावसभावाकडून सव्वा लाख रुपये हातउसने घेतले. घरचाच व्यवहार, त्यामुळे कागद केला नाही. फेड मात्र त्यांनी चोख केली: चाळीस हजार, पुन्हा चाळीस हजार आणि शेवटी पंचेचाळीस, सारे रोख. पुढे गृहस्थ अकस्मात वारले. वर्षश्राद्ध झाल्यावर मावसभावाने भीत भीतच उरलेल्या पैशांची गोष्ट काढली. माणूस लबाड नव्हे. त्याला एक हप्ता पोचल्याचे आठवत होते, बाकीच्यांबद्दल घोटाळा होता, आणि त्यानेही कोठे लिहून ठेवलेले नव्हते.

बाईंना एवढेच ठाऊक, की यजमान दर रविवारी संगणकावर हिशेब लिहीत. संगणक वर्षभर बंद पडून होता. तो सुरू होईना. दुरुस्तीच्या दुकानात दिला. तो सुरू होऊन आला, परंतु आतील सारे पुसून, कोरा होऊन आला. दुकानदाराला संगणक चालू करून हवा असे सांगितले होते, आत काय आहे ते जपा असे कोणी सांगितलेच नव्हते. शेवटी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला आठवले, की करासंबंधी काही विचारण्यासाठी वडिलांनी एकदा हिशेबाची फाईल ई-मेलने पाठविली होती. ती सापडली, उघडलीही. दोन हप्त्यांच्या नोंदी तारखेसह निघाल्या, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते, 'भाऊबीजेला घरी, मावशीसमक्ष, रोख'. ते वाचताच मावसभावाला सारा प्रसंग आठवला आणि दोन्ही हप्ते त्याने मान्य केले. तिसरा हप्ता दिला गेला तो ती फाईल पाठविल्यानंतर. यजमान तसे बोलल्याचे बाईंना आठवत होते, पण कोठे, केव्हा, कोणासमक्ष, काहीच सांगता येईना. बाईंनी पंचेचाळीस हजार रुपये पुन्हा दिले. नाते राहिले, विहीरही राहिली; मात्र त्या वर्षी मुलीच्या शिक्षणासाठी त्यांना बांगड्या गहाण टाकाव्या लागल्या.

ह्या हकीकतीत मला तीन गोष्टी दिसतात. प्रत जितकी जुनी, तितक्या काळाचा हिशेब गेला. म्हणून आपल्याला किती दिवसांचा हिशेब पुन्हा आठवून लिहिता येईल, ते प्रत्येकीने स्वतःला विचारावे आणि तेवढ्या दिवसांनी नवी प्रत घ्यावी. मला आठवड्याचा आठवतो, त्यापुढचा नाही. म्हणून मी दर रविवारी घेते. दुसरे असे, की नुसता आकडा मुका असतो. कोणाला, कशाबद्दल, कोणासमक्ष हे शेऱ्यात लिहिले म्हणून ते दोन हप्ते वाचले. बँकेकडे नोंदी असतातच, असे पुष्कळजण म्हणतात. त्यांना व्यवहाराच्या नोंदी निदान पाच वर्षे ठेवाव्या लागतात, हे खरे; परंतु रोख दिलेले बँकेला काय कळणार, आणि 'कशाबद्दल' हे तर तिला कधीच कळत नाही. तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. हिशेब यजमान लिहीत आणि बाईंना फाईल कोठे आहे हे ठाऊक नव्हते. ह्याबद्दल शेवटी बोलते.

प्रती किती असाव्यात? जाणकारांचा एक सुटसुटीत नियम आहे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकांत रूढ केला. प्रती तीन, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. म्हणजे एक संगणकात, एक पेनड्राईव्हवर आणि एक गावातल्या लेकीकडे, बहिणीकडे किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. घराबाहेरच्या प्रतीचे महत्त्व सांगावयास लांब जावे लागत नाही. २०१२ च्या २१ जूनला मुंबईत मंत्रालयाला आग लागली, माणसे दगावली आणि मजलेच्या मजले फायली जळाल्या. ज्या कागदांची संगणकीय प्रत दुसरीकडे ठेवलेली होती ते तेवढे बचावले. सरकारचे जे झाले ते आपल्या घरी होणार नाही असे थोडेच आहे? संगणक आणि पेनड्राईव्ह एकाच कपाटात ठेवले तर चोर दोन्ही एकाच पिशवीतून नेतो.

आता पेनड्राईव्हविषयी. ती स्वस्त आहे, हाताशी आहे, आणि भरवशाची मुळीच नाही. वर्षानुवर्षे खणात पडून राहिली तर आतील माहिती हळूहळू विरते. काम चालू असताना हिसका देऊन ओढली तर फाईल अर्धवट राहते. म्हणून दोन ठेवाव्यात आणि आलटून पालटून वापराव्यात: ह्या रविवारी एक, पुढच्या रविवारी दुसरी. प्रत घेण्यापूर्वी हिशेबाचा प्रोग्राम बंद करावा. उघड्या फाईलची प्रत म्हणजे हलत्या माणसाचा फोटो. आणि काम झाले की पेनड्राईव्ह काढून ठेवावी. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या दुष्ट प्रोग्रामने सुमारे दीडशे देशांतील संगणकांना कुलूप लावून खंडणी मागितली होती. असले प्रोग्राम संगणकाला जे जे जोडलेले असेल त्यालाही कुलूप लावतात. खणातल्या पेनड्राईव्हपर्यंत त्यांचे हात पोचत नाहीत. एक जपावयाचे मात्र आहे. ग्नूकॅशच्या फाईलला स्वतःचे कुलूप नसते. जिच्या हाती ती पडेल तिला आपला सारा संसार वाचता येतो. तेव्हा पेनड्राईव्ह दागिन्यांजवळ ठेवावी, आणि बँकेचे गुप्त क्रमांक तर हिशेबात कधीच लिहू नयेत.

इंटरनेटवरच्या साठवणीबद्दल, म्हणजे गूगल ड्राईव्हसारख्या सोयीबद्दल, तरुण मैत्रिणींचा मोठा भरवसा असतो, आणि तो निम्मा बरोबर आहे. संगणक जळाला तरी ती प्रत राहते. पण जेथे संगणकातले फोल्डर आणि इंटरनेटवरचे फोल्डर एकमेकांशी जुळवून ठेवलेले असते, तेथे इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. पुसलेले गूगलच्या टोपलीत तीस दिवस राहते, मग जाते. चूक चाळिसाव्या दिवशी ध्यानात आली तर काय करणार? म्हणून चालू फाईल वेगळी आणि तारीख घातलेली प्रत वेगळी, असे असावे. हिशेबाची तीच फाईल दोन ठिकाणांहून एकदम उघडणेही टाळावे. ग्नूकॅश अशा वेळी बजावतो, की फाईल आधीच कोणी उघडलेली आहे. ते न जुमानता पुढे गेले तर एकीचे लिहिलेले दुसरीच्या लिहिण्याखाली बुडते. एका पातेल्यात दोघींनी आपापल्या परीने मीठ घालावे, त्यातलाच हा प्रकार.

नावाबद्दल दोन शब्द. 'घरखर्च नवा', 'घरखर्च शेवटचा', 'घरखर्च शेवटचा खरा' अशा नावांच्या फायली मी पुष्कळ घरांत पाहिल्या आहेत. 'नवी' हे काही नाव नव्हे. नवी सून म्हणून आलेल्या आपल्यापैकी कितीजणी आज नातवंडे खेळवीत आहेत! फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालावा. म्हणजे २०२५-०३-३१ असे. त्यामुळे फायली आपोआप तारखेच्या क्रमाने रांगेत उभ्या राहतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांतल्या एक तारखा एकत्र गोळा होतात.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. प्रत घेतली म्हणजे प्रत आहे, असे समजू नये. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार ह्या संस्थेत 'टॉय स्टोरी २' ह्या मुलांच्या चित्रपटाचे काम चालू होते. कोणाच्या तरी एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. एवढी मोठी संस्था, तिथे प्रती घेण्याची व्यवस्था होतीच. पण त्या प्रती उघडल्या तेव्हा कळले की त्या धड नाहीत. व्यवस्था बिघडलेली होती आणि कोणी तपासून पाहिले नव्हते. तेथे तंत्रविभागात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या गॅलिन सुसमन ह्या बाई नुकतेच मूल झाले म्हणून घरून काम करीत, आणि त्यासाठी त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत ठेवलेली होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून, मोटारीत तान्ह्या मुलाला बांधावे तसा पट्ट्याने बांधून, संस्थेत नेण्यात आला आणि त्यावरून काम पुन्हा उभे राहिले. बाळंतीण घरी बसून काय काम करणार, असे म्हणणाऱ्यांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

तेव्हा वर्षातून दोनदा तरी प्रत दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहावी. उघडली एवढ्यावर समाधान मानू नये. त्या तारखेची बँकेची शिल्लक पासबुकाशी ताडून पाहावी. ती रुपयापैशाने जुळली म्हणजे प्रत खरी. मी एकतीस मार्चला हे करते, कारण आपले आर्थिक वर्ष त्या दिवशी संपते. योगायोग असा, की हाच दिवस जगभर 'बॅकअप दिन' म्हणूनही पाळला जातो. दुसऱ्यांदा लक्ष्मीपूजनाला करते. आपले व्यापारी त्या दिवशी वहीची पूजा करतात. मी पूजेच्या आधी प्रत उघडून पाहते आणि मग पेनड्राईव्हला हळदकुंकू वाहते, अर्थात टोपण घट्ट लावून.

माळ्यावरच्या मोडी वह्यांकडे आता परत येते. प्रत टिकली, उघडणारा प्रोग्राम मात्र नाहीसा झाला तर? हे घडलेले आहे. 'मायक्रोसॉफ्ट मनी' हा घरगुती हिशेबाचा मोठा प्रसिद्ध प्रोग्राम होता. २००९ साली कंपनीने त्याची विक्री थांबविली, आणि ज्यांचा वर्षानुवर्षांचा हिशेब त्यात होता त्यांना दुसरे घर शोधावे लागले. म्हणून वर्षअखेरीस सारा हिशेब 'सीएसव्ही' ह्या साध्या स्वरूपातही काढून ठेवावा. त्यात फक्त अक्षरे, आकडे आणि स्वल्पविराम असतात; कोणताही संगणक ते वाचू शकतो. ही झाली हिशेबाची बाळबोध प्रत. शिवाय वर्षाचा गोषवारा आणि देण्याघेण्याची यादी कागदावर छापून फाईलला लावावी. कागदाला वीज लागत नाही.

आता तिसरी गोष्ट. घरचा हिशेब पतीने लिहिला काय किंवा पत्नीने लिहिला काय, दोघांनाही तो उघडता आला पाहिजे. यजमानांना असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी आपल्याकडे समजूत आहे. मला ती पटत नाही. विम्याचे कागद कोठे आहेत हे आपण विचारतोच ना? एका लिफाफ्यात फाईलचा पत्ता, प्रती कोणाकडे आहेत त्यांची नावे आणि संगणकाचा पासवर्ड लिहून तो कपाटात ठेवावा, आणि तो तेथे आहे हे निदान दोघांना माहीत असावे. गूगलवर प्रत असेल तर हेही जाणून घ्यावे, की दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. आपल्यानंतर खाते कोणाच्या स्वाधीन करावयाचे, हे आधी नोंदवून ठेवण्याची सोय तेथे आहे. ती बसल्या जागी पाच मिनिटांत करून घेता येते. अंबडच्या त्या बाईंकडे असा लिफाफा असता तर वर्षभर बंद संगणकाकडे पाहत त्यांना बसावे लागले नसते.

बचत गटातल्या भगिनींना पंचसूत्री पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि पाचवे हिशेबलेखन. गटाची पुस्तके नीट नसली तर बँक दारात उभी करीत नाही, हे त्यांना सांगावे लागत नाही. गटाची पुस्तके आपण एवढी जपतो, मग घरच्यांनाही तोच मान असावा.

मंडळाच्या हिशेबाची एक प्रत माझ्याकडे आहे, दुसरी अध्यक्षाबाईंकडे आणि तिसरी खजिन्याच्या पेटीत कागदावर. ह्या वर्षीची प्रत अध्यक्षाबाईंच्या नातीच्या संगणकावर परवाच उघडून पाहिली. शिल्लक पासबुकाशी जुळली. पुढच्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मी येथेच बसणार आहे. ज्यांना आपल्या फाईलचा पत्ता सापडत नसेल त्यांनी फोन किंवा संगणक, एक रिकामी पेनड्राईव्ह आणि पासबुक घेऊन यावे. चहा मंडळाकडून मिळेल आणि त्याचा खर्चही त्याच दिवशी लिहिला जाईल.